जिभेची दोन कामे

परगावाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "काय काय पाहिलंस?" आणि दुसरा, "काय काय खाल्लंस?" गेल्या डिसेंबरात आतेभावाच्या साखरपुड्यासाठी मी इंदूरला जाऊन बेळगावला परत आलो, तेव्हा कॉलेजच्या कँटीनमध्ये मित्रांनी मलाही हेच विचारले. मीही पोह्यांपासून गराडूपर्यंत दहा-बारा पदार्थांची नावे घडाघडा म्हणून दाखवली. "काय ऐकलंस?" हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. खरे सांगायचे तर तो मलाही सुचला नव्हता. परतीच्या पुण्याच्या गाडीत वरच्या बाकावर पडल्या पडल्या तो सुचला, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

देवाने माणसाला जीभ एकच दिली आणि तिला दोन कामे लावून दिली. एक चव घेण्याचे आणि दुसरे बोलण्याचे. परक्या गावात गेल्यावर पहिले काम फार सोपे असते. खिशात पन्नास-शंभर रुपये असले की झाले. दुसरे काम कष्टाचे. गंमत अशी की पहिले काम उरकले म्हणजे दुसरेही आपोआप झाले, अशी आपण स्वतःची समजूत करून घेतो. "आम्ही त्यांचे जेवण आवडीने जेवतो, म्हणजे आम्ही त्यांच्याशी एकरूप झालो," असे आपण म्हणतो. इंदूरच्या एका दिवसाने माझी ही समजूत पार मोडून काढली.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी आतेभाऊ मला शहर दाखवायला घेऊन निघाला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. आत्या सकाळी कांदा चिरायला बसली होती, तिला अडवून दादा म्हणाला, "आई, तू कशाला करून राहिली आहेस? इंदूरमध्ये पोहे बाहेरच खातात." ते 'करून राहिली आहेस' ऐकून मला हसू आले. हिंदीचा साचा आणि मराठीचे शब्द! पण हसण्याचा अधिकार मला नव्हता. आम्हा बेळगावकरांच्या मराठीत कानडीचे हेल किती आहेत, हे पुण्याच्या माणसाला विचारावे.

इंदुरी पोहे आपल्या पोह्यांहून वेगळे. ते परातीत घालून उकळत्या पाण्याच्या वाफेवर तासन्‌तास मऊ ठेवतात. त्यात बडीशेप असते. वरून बारीक शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरतात. सोबत गरम जिलेबी. एक घास पोह्यांचा आणि एक जिलेबीचा, अशी तिथली रीत. पोहे इकडे होळकरांच्या काळी मराठी माणसांबरोबर आले, असे इंदूरकर स्वतःच सांगतात. आमचे बोलणे ऐकून गाडीवाल्याने विचारले, "महाराष्ट्र से आए हो?" मी म्हटले, "बेळगावहून." तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "वो तो कर्नाटक में है ना?" मी होकारार्थी मान हलवली. मराठी बोलणारा मुलगा कर्नाटकातून आला आहे, आणि मध्य प्रदेशात मराठी माणसांनी आणलेले पोहे हिंदीत मागतो आहे! भारत देश समजावून सांगायला एवढी एक प्लेट पुरेशी आहे.

तिथून आम्ही राजवाड्यावर गेलो. सात मजल्यांचा तो भव्य दरवाजा चित्रात पाहिला होता. प्रत्यक्ष पाहताना मान दुखेपर्यंत वर बघावे लागते. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. पुणे जिल्ह्यातील होळ गावचे हे घराणे. मल्हारराव होळकरांनी माळव्यात सत्ता उभारली, आणि त्यांची सून अहिल्याबाई, आपल्या चोंडी गावची लेक, हिने 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षे महेश्वराहून राज्य केले. 1818 साली इंग्रजांशी मंदसोरचा तह झाल्यावर राजधानी इंदूरला आली. या दरबाराचे कागद मराठीत, मोडी अक्षरात लिहिले जात. म्हणजे इंदूरला मराठी ही एके काळी राजाची भाषा होती. आज तिथे ती घराची भाषा आहे, आणि काही घरांत तर फक्त आजीची.

राजवाडा तीनदा जळला. 1801 साली शिंद्यांच्या फौजेने जाळला, 1908 साली पुन्हा आग लागली, आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतर 1984 साली देशभर उसळलेल्या दंगलींत तिसऱ्यांदा जळला. मागचा भाग नंतर जुन्या नमुन्यावर पुन्हा उभा केला. दादा हे सगळे आगींच्या सनावळीसह सांगत होता. आपल्या गावाचा त्याला मोठा अभिमान. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, 1929 चा, हे त्याने दोनदा सांगितले. राहुल द्रविडही इथेच 1973 साली जन्मला, असे तो म्हणाला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटले, "पण वाढला बंगळूरला!" मराठी घरातला, इंदुरात जन्मलेला, कर्नाटकाकडून खेळलेला हा माणूस आम्ही दोघांनी भर चौकात वाटून घेतला.

राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ बसलो असताना माझ्या मनात एक तारीख आली. 1 नोव्हेंबर 1956. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. इंदूर मध्य प्रदेशात गेले आणि त्याच दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. बेळगावचा प्रश्न 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर मत देण्याचे हे ठिकाण नव्हे आणि माझी तेवढी योग्यताही नाही. पण एकाच दिवशी दोन गावांतली मराठी दुसऱ्या भाषेच्या शेजारी राहायला गेली. तिथे तिचे काय झाले आणि इथे काय झाले, हे ताडून पाहण्याचा मोह मला आवरेना.

दुपारी घरी आलो. आत्याने एक पत्र्याची पेटी काढली. तीत आमच्या आजोबांची पत्रे होती. आत्या लग्न होऊन इंदूरला गेल्यापासून आजोबा वारले तोपर्यंत बेळगावहून तिला पाठवलेली, निळ्या शाईची अंतर्देशीय पत्रे. संध्याकाळी दादाची होणारी बायको आली. ती पंजाबी घरातली. तिचे पणजोबा फाळणीनंतर इंदूरला येऊन स्थायिक झाले. आत्याने कौतुकाने तिच्या हातात एक पत्र दिले. लिपी देवनागरीच, त्यामुळे ती एकेक अक्षर लावून वाचू लागली. पहिल्याच ओळीवर अडली आणि दादाला विचारती झाली, "ये 'चि. सौ.' क्या होता है?"

दादा म्हणाला, "पता नहीं. मम्मी को पूछो."

तो सहज बोलला. त्यात त्याचा काही अपराध आहे असे मी म्हणत नाही. शाळा हिंदीत, कॉलेज इंग्रजीत, मित्र हिंदीभाषक. त्याने मराठी वाचायची कधी? पण 'चिरंजीव सौभाग्यवती' ही दोन अक्षरे ज्याच्या आईला उद्देशून लिहिली, त्यालाच ती लागत नव्हती. पुढे त्याच पत्रात आजोबांनी लिहिले होते, "मुलाला मराठी वाचायला शिकव. उद्या माझ्या पत्राचे उत्तर त्याने लिहायचे आहे." आत्याने ते मोठ्याने वाचले आणि पत्राची घडी घालून पेटीत ठेवून दिली. कोणी काही बोलले नाही.

रात्री नऊच्या पुढे आम्ही तिघे सराफ्यात गेलो. सराफा म्हणजे दिवसा सोन्या-चांदीचा बाजार. रात्री पेढ्यांची दारे लागतात, आणि त्याच दुकानांच्या पुढ्यात, त्याच ओट्यांवर, खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात ती मध्यरात्र उलटेपर्यंत. किसलेल्या मक्याला दुधात शिजवून केलेला 'भुट्टे का कीस', थंडीतच मिळणारा गराडू म्हणजे तळलेला सुरणासारखा कंद, ताटलीएवढी जिलेबी, आणि साबुदाण्याची खिचडी! आपल्याकडे ती एकादशीला आणि चतुर्थीला. तिथे रोज रात्री, वर शेव घालून, उपास नसलेल्या माणसांच्या झुंडी तिच्यावर तुटून पडतात. या बाजाराला म्हणतात 'चौपाटी'. समुद्रापासून शेकडो मैलांवर मुंबईची चौपाटी!

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला त्या ओट्याचे मोठे कुतूहल वाटले. एकच जागा, दोन पाळ्या, दोन धंदे. रात्री खाणाऱ्यांची वर्दळ राहिली तर चोराचिलटाला वाव राहत नाही, म्हणून सराफांनीच ही रीत चालू दिली, असे सांगतात. म्हणजे दोघांच्याही खात्यावर काही जमा होते. पण अलीकडच्या काही वर्षांत सराफ व्यापाऱ्यांनी तक्रारी सुरू केल्या. गॅसच्या टाक्या, अरुंद गल्ली, बेसुमार गर्दी, जुन्या पदार्थांबरोबर आलेली नव्या पदार्थांची भाऊगर्दी. उद्या आग लागली तर काय, असा त्यांचा प्रश्न. तीनदा जळलेला राजवाडा हाकेच्या अंतरावर असताना तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या मते ती चौपाटी राहिली पाहिजे. पण ओटा दुसऱ्याचा आहे आणि सकाळी त्याला तो स्वच्छ लागतो, हे रात्रीच्या माणसाने ओळखले तरच ती राहील. नुसते "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहोत" म्हणून भागत नाही. शेजाऱ्याचे म्हणणे काय आहे, हे ऐकावे लागते.

गराडूची पुडी हातात घेऊन होणाऱ्या वहिनी हिंदीत म्हणाल्या ते मी मराठीत सांगतो. "माझ्या पणजीची एक वही आहे. गुरुमुखीत लिहिलेली. घरात कोणालाच वाचता येत नाही. तिच्या हातचे छोले, तिची सरसोंची भाजी, सगळे आम्हाला येते. पण वहीत तिने काय लिहिले आहे, ते नाही माहीत. म्हणून मी चि. सौ. विचारले." मग दादाकडे वळून त्या हसून म्हणाल्या, "तू शिकला नाहीस तर मीच शिकेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी हा विषय आत्याच्या यजमानांपाशी काढला. त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते म्हणाले, "अरे, इतका विचार करू नये. भाषा चुलीवर टिकते. या घरात पुरणपोळी होते, वरणभात होतो, गणपती बसतो. झाली की मराठी!" मामांचा मी आदर करतो, पण त्यांचे हे म्हणणे मला पटले नाही. चुलीवर चव टिकते, भाषा नव्हे. पोहे तर आता साऱ्या इंदूरचे झाले आहेत. त्यांना मराठीची गरज उरलेली नाही, आणि त्यांनी मराठीचे काही देणे ठेवलेलेही नाही. आपल्या बेळगावचा कुंदा मारवाडातून आलेल्या हलवायाने प्रथम केला असे सांगतात. आपण तो किलोकिलोने खातो आणि पाहुण्यांना बांधून देतो. त्यापायी बेळगावात कोणाला मारवाडी आली काय?

इंदूरकर मराठी मंडळींवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की, त्यांनी आपल्या भाषेसाठी पुष्कळ केले आहे. मराठी साहित्य संमेलन इंदुरात 1917, 1935 आणि 2001 अशा तीन साली भरले. बेळगावचे 2000 सालचे संमेलन आटोपल्यावर पुढचेच इंदूरला भरले होते. महाराष्ट्र साहित्य सभा, सानंद न्यास अशा संस्था तिथे मराठी पुस्तके आणि नाटके जागती ठेवतात. आत्या एकही नाटक चुकवत नाही. पण संस्था दार उघडे ठेवू शकते. आत जायचे की नाही, हे घरोघरच्या तरुणाने ठरवायचे असते.

जिभेची दोन्ही कामे मन लावून करणारा एक माणूस याच दोन गावांच्या मध्ये होऊन गेला. बेळगावजवळच्या सुळेभावीला 1924 साली कानडी घरात शिवपुत्र कोमकळीमठ जन्मला. जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखते. क्षयाच्या दुखण्यामुळे ते 1948 साली हवापालटासाठी इंदूरजवळच्या देवासला आले. अंथरुणाला खिळून असताना रस्त्याने जाणाऱ्या बायाबापड्यांची माळवी गाणी त्यांनी कान देऊन ऐकली, गोळा केली आणि पुढे मैफलीत मांडली. मातृभाषा कानडी, गाणी मराठीत, भजने हिंदीत आणि लोकगीते माळवीत. 1992 साली देवासलाच त्यांनी देह ठेवला. देवासला येऊन त्यांनी माळव्याचे नुसते अन्न खाल्ले असते तर आज त्यांचे नाव आपण घेतले नसते. त्यांनी माळवा ऐकला.

आता स्वतःकडे येतो. येथवर दादाच्या उणिवेविषयी लिहिले. आता माझी खतावणी उघडतो.

मी मराठी माध्यमातून शिकलो. शाळेत कानडी हा विषय होता. परीक्षेपुरता केला आणि पास झालो. गल्लीत, बसमध्ये, बाजारात मी कानडी सफाईने बोलतो. भाजीचा भाव करतो, भांडतोसुद्धा. मित्राच्या घरी जोळद रोट्टी आणि एण्णेगायी इतक्या वेळा खाल्ली आहे की त्याची आई मला घरचाच समजते. मी स्वतःला द्विभाषिक म्हणवतो. पण मित्रहो, या आपल्या नियतकालिकात मराठी विभाग जिथे संपतो आणि कानडी विभाग जिथे सुरू होतो, ते पान मी तीन वर्षांत एकदाही उलटले नव्हते.

गेल्या अंकात माझ्या या मित्राने आपल्या आजीवर लेख लिहिला होता. मी त्याची पाठ थोपटून म्हटले, "फार छान लिहिलंस!" त्याने निरागसपणे विचारले, "कुठला भाग आवडला?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याला समजले असावे. तो काही बोलला नाही. त्याच अंकातला माझा लेख मात्र त्याने वाचला होता आणि त्यातली एक चूकही दाखवली होती. त्याच्या घरची रोट्टी मी खाल्ली. त्याच्या आजीची गोष्ट मात्र छापील असूनही मला बंद पेटीतच राहिली. मग दादात आणि माझ्यात फरक काय? त्याला निदान लिपी तरी येत होती आणि वाचायची सवय नव्हती. मला लिपीही येते, आणि तिचा कंटाळा येतो!

आमच्याकडे पाट्यांवरून वाद होतात. पाटी कोणत्या भाषेत असावी, कोणते अक्षर वर आणि कोणते खाली, यावर डोकी फुटेपर्यंत मजल जाते. पाटीचे महत्त्व मी नाकारत नाही. आपल्या भाषेत पाटी मागणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण पाटी वाचायला दोन सेकंद लागतात आणि लेख वाचायला अर्धा तास. ज्याला शेजाऱ्यासाठी अर्धा तास नाही, त्याला आपल्या दोन सेकंदांसाठी भांडताना थोडा संकोच वाटला पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हे मी मराठी मुलांना जितके सांगतो तितकेच कानडी मुलांनाही. परंतु माझ्या वाट्याचे आधी मी केले पाहिजे.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि संपादक मंडळाला एक नम्र सूचना करतो. पुढील अंकापासून दोन्ही विभागांनी एकमेकांचे एक पान द्यावे. मराठी विभागात कानडी मुलाने मराठीत लिहिलेले एक पान, आणि कानडी विभागात मराठी मुलाने कानडीत लिहिलेले एक पान. चुका होतील, होऊ द्याव्यात. आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक अंकातला दुसऱ्या भाषेतला निदान एक लेख वाचून, लेखकाला गाठून, त्याच्याच भाषेत एक वाक्य सांगावे. यासाठी ना अनुदान लागते ना ठराव.

इंदूरहून आल्यावर मी तो आजीवरचा लेख वाचायला घेतला. चार पानांना तीन संध्याकाळ लागल्या. कित्येक शब्द अडले; ते मित्रालाच विचारले. वाचून झाल्यावर मला कोणता भाग आवडला, ते मी त्याला मोडक्यातोडक्या कानडीत सांगितले. त्याची आजी दारात आलेल्या प्रत्येकाला, ओळखीचा असो वा अनोळखी, आधी विचारायची, "ऊटा आयता?" जेवण झाले का? पण त्यानंतर ती त्याला बसवून घ्यायची आणि त्याचे म्हणणे ऐकायची, असे त्याने लिहिले आहे.

ते दुसरे वाक्य मी आधी वाचले असते तर इंदूरला जाण्याची गरज पडली नसती.

— एक विद्यार्थी, बी. कॉम. भाग 3